एकच डोस उरला होता: एका लॅब्राडॉरच्या सर्जिकल रेतनाची पूर्ण केस

बाबांना फोनवर सांगितलं की उद्या एका कुत्रीचं पोट उघडून गर्भाशयात सीमेन सोडायचंय, तर पलीकडून दोन सेकंद काही आवाजच नाही. मग म्हणाले, "अगं, कांडी भरायला पोट फाडायचं? तिथल्या डॉक्टरांना हात नाहीत का?"

बाबा पशुधन पर्यवेक्षक होते, संगमनेर तालुक्यात. स्कूटरला गोठवलेल्या सीमेनचा तीन लिटरचा नायट्रोजनचा डबा अडकवून वाड्यावस्त्यांवर कृत्रिम रेतनाने गाई भरवत फिरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. डावा हात गुदद्वारातून आत, बोटांत गर्भाशयमुख पकडायचं, उजव्या हाताने गन सरकवायची, दोन मिनिटांत काम, गाय उभीच्या उभी रवंथ करतेय. मी परळला बीव्हीएससी केलं तेव्हा मलाही हेच शिकवलं, आणि रेतन म्हटलं की डोक्यात हेच चित्र. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा कुत्रीचं सर्जिकल रेतन बघितलं तेव्हा माझाही चेहरा बाबांसारखाच झाला असणार.

ही केस २०२३ ची, ओहायोमधल्या आमच्या छोट्या क्लिनिकमधली. पूर्ण लिहितेय, कारण यात जे बरोबर झालं ते सगळं वेगळ्याच कारणाने बरोबर झालं असं माझं मत आहे, आणि त्यावरून आमच्या मोठ्या डॉक्टर बाईंशी माझं आजही पटत नाही.

पेशंट हेझल, काळी लॅब्राडॉर, पाच वर्षांची, वजन २८ किलो आणि वर थोडं. आधी एकदा नैसर्गिक मेटिंगने व्यालेली, आठ पिल्लं, काही त्रास नाही. मालकीण बाई साठीच्या पुढच्या, तीसेक वर्षं फील्ड ट्रायलच्या, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धांच्या, लॅब्राडॉर पाळणाऱ्या, घरात पाच कुत्री आणि एक फ्रीझर भरून बदकं. त्यांच्याकडे एक जुना नर होता, २०१४ मध्ये गेला. त्याचं सीमेन २००८ मध्ये गोठवून ठेवलेलं, सहा डोस. पाच वापरून संपले, पैकी शेवटचा हेझलवरच ऑगस्ट २०२२ मध्ये दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये, आणि कुत्री उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही. म्हणजे आता जगात त्या नराचा एकच डोस उरलेला. चार स्ट्रॉ, म्हणजे सीमेनच्या बारीक नळ्या, बाबांच्या भाषेत कांड्या, प्रत्येकी अर्धा मिली.

पंधरा वर्षं जुनं सीमेन चालतं का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. चालतं. उणे १९६ डिग्रीला काळ थांबलेलाच असतो म्हणा ना, बिघडतं ते गोठवताना, वितळवताना, किंवा मधे कोणी टँकमध्ये नायट्रोजन भरायला विसरला तर. कुत्र्याचं फ्रोझन सीमेन वापरून पिल्लं झाल्याचं स्टीफन सीगर यांनी १९६९ मध्येच दाखवलंय, त्यामुळे हे काही कालपरवाचं तंत्र नाही. आणि बाबांना मी नेहमी चिडवते की तुमच्या गाईच्या आधी नंबर कुत्रीचा लागलाय, कारण इटलीच्या लाझारो स्पालान्झानीने १७८० च्या सुमारास सिरिंज अंगाच्या उष्णतेइतकी गरम करून एका कुत्रीत सीमेन सोडलं होतं आणि ६२ दिवसांनी ती तीन पिल्लं व्याली. पोट न फाडता, हे बाबा लगेच ऐकवतात.

तर मग पोट का फाडायचं. गाईसारखं गर्भाशयमुख कुत्रीत हातात येत नाही, एवढ्या छोट्या जनावरात हात घालणार कुठे. त्यात योनीमार्ग लांबच लांब, लॅब्राडॉरमध्ये वीसेक सेंटिमीटर सहज, आत घड्या, आणि गर्भाशयमुखाचं तोंड सरळ समोर नसून एका घडीच्या आड खालच्या बाजूला वळलेलं. ताजं सीमेन असेल तर काही बिघडत नाही, योनीत सोडलं तरी शुक्राणू स्वतः चालत जातात आणि आत पाच-सहा दिवस जिवंत राहतात. नराबरोबर गाठ पडते तेव्हाही निसर्ग हेच करतो, मागून येणारं प्रोस्टेटचं पाणी सगळं पुढे ढकलतं. पण फ्रोझनमधून उठलेला शुक्राणू म्हणजे आयसीयूमधून नुकता बाहेर आलेला माणूस. त्याला दम नाही, आणि त्याच्याकडे बारा ते चोवीस तासच आहेत. त्याला दारात सोडून चालत नाही, घरात नेऊन बसवावं लागतं.

घरात न्यायचे रस्ते दोन-तीन. एक म्हणजे स्कॅंडिनेव्हियन लोकांची लांब स्टीलची कॅथेटर, पोटावरून बोटांनी गर्भाशयमुख पकडून आत सरकवायची. ही मूळची फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांवर बसवलेली युक्ती, तिथून कुत्र्यांकडे आली. दुसरं टीसीआय, म्हणजे लांब कडक एंडोस्कोप योनीतून घालून स्क्रीनवर गर्भाशयमुखाचं भोक बघून त्यात बारीक कॅथेटर घालायची. न्यूझीलंडच्या मॅरियन विल्सन यांनी नव्वदच्या दशकात हे रूढ केलं. भूल नको, कुत्री टेबलावर उभी, बऱ्याच कुत्र्या तर माजात असल्यामुळे शेपूट बाजूला करून आरामात उभ्या राहतात. आणि तिसरा रस्ता सर्जरी.

नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्समध्ये सर्जिकल रेतनाला बंदी आहे, निरोगी जनावराला त्याच्या स्वतःच्या कुठल्याही फायद्याशिवाय कापायचं नाही असं सरळ म्हणणं. ब्रिटनमध्येही २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याखाली ते बसत नाही. अमेरिकेत चालतं, अमेरिकन केनेल क्लब अशा पिल्लांची नोंदणीही करतो, फक्त सर्जरी व्हेटनेच करायची आणि फ्रोझन वापरलेल्या नराचा डीएनए प्रोफाईल नोंदलेला हवा. इथल्या जुन्या ब्रीडर मंडळींच्या डोक्यात तर फ्रोझन म्हणजे सर्जिकल हे समीकरण पक्कं आहे.

मालकीण बाई आल्या त्याच मुळी "सर्जिकल करायचंय" असं म्हणत. मी म्हटलं, आधी मागच्या वेळचे कागद दाखवा. कागद म्हणजे एक पानाचं बिल. त्यावरून एवढंच कळलं की रक्त दिसल्यापासून बाराव्या दिवशी पिपेटने योनीत सीमेन सोडलं, एकदाच. प्रोजेस्टेरॉन हार्मोनची एकही टेस्ट नाही, योनीतल्या पेशींचा एकही स्मिअर नाही. फ्रोझन, योनीत, तारखेच्या अंदाजाने. त्या क्लिनिकबद्दल जास्त काही बोलत नाही, पण जे तीन निर्णय चुकायला नको होते ते तिन्ही चुकले होते, आणि मालकीण बाईंनी त्यातून धडा काय घेतला, तर "पोट उघडलं नाही म्हणून राहिली नाही."

इथे थोडं थांबून तारखेचं सांगते, कारण सगळा खेळ तिथे आहे.

बाबांचा नियम सोपा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाईचं बीजांड सुटतं तेच तयार सुटतं. कुत्रीचं गणित उफराटं आहे. आधी प्रोइस्ट्रस, रक्त जातंय पण ती नराला जवळ येऊ देत नाही, हे सरासरी नऊ दिवस पण कुणात तीन तर कुणात सतरा. मग बीजांडं सोडायला लावणाऱ्या एलएच हार्मोनची लाट येते. त्यानंतर दोन दिवसांनी बीजांडं सुटतात, पण कच्ची! ती पिकायला आणखी दोन-अडीच दिवस घेतात आणि मग पुढे दोन-तीन दिवस टिकतात. म्हणजे चोवीस तास जगणारं सीमेन बीजांडं सुटल्याच्या दिवशी घातलं तरी ते वाट बघून मरतं. रक्त दिसल्याच्या दिवसापासून मोजून हे जमणं म्हणजे निव्वळ लॉटरी. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मात्र सांगतं, कारण कुत्रीत ते बीजांड सुटायच्या आधीच चढायला लागतं. २ च्या आसपास गेलं की एलएचची लाट, ५ च्या आसपास बीजांडं सुटली, आणि फ्रोझन असेल तर तिथून तिसऱ्या दिवशी. हे आकडे नॅनोग्रॅममधले, युरोपातला रिपोर्ट बऱ्याचदा नॅनोमोलमध्ये येतो आणि तो ३.१८ पट मोठा दिसतो, त्यावरून गोंधळ झालेले लोक मी पाहिलेत.

हेझलला रक्त दिसलं शनिवारी २५ फेब्रुवारीला. मी सांगून ठेवलेलं की ज्या दिवशी पांढऱ्या टिश्यूवर डाग दिसेल त्याच दिवशी फोन करा, आणि बाईंनी खरंच सकाळी सात वाजता केला. पाचव्या दिवशी, २ मार्चला पहिली टेस्ट, ०.५. स्मिअरमध्ये गोल गोल पेशी, केंद्रक ठळक, अजून वेळ आहे. ६ तारखेला ०.९. ८ तारखेला १.५. आता स्मिअर बदललेला, पेशी चपट्या, कोपरे दुमडलेल्या, वाळलेल्या पापडाच्या तुकड्यांसारख्या. ९ तारखेला २.३.

९ मार्च म्हणजे रक्त दिसल्यापासून बरोबर बारावा दिवस.

मी ते कागदावर लिहून मालकीण बाईंसमोर सरकवलं. मागच्या वेळी हिचं चक्र असंच असेल तर ज्या दिवशी सीमेन घातलं त्या दिवशी एलएचची लाट नुकती आली होती, बीजांडं सुटायला दोन दिवस, पिकायला आणखी दोन. सीमेन दुसऱ्या दिवशी संपलेलं. तेव्हा पोट उघडून सोन्याच्या ताटात वाढलं असतं तरी कुत्री उलटलीच असती. बाईंनी कागद बराच वेळ बघितला, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या की ठीक आहे, पण या वेळी सर्जिकलच करायचं.

शुक्रवारी १० तारखेला ३.४. शनिवारी लॅबची गाडी उशिरा येणार होती म्हणून आमच्या टेक्निशियनने घाईत क्लिनिकमधल्या मशीनवर सॅम्पल लावलं, तर आकडा आला ७.९. माझ्या पोटात गोळा. ७.९ म्हणजे काल रात्रीच सुटली का काय? तेच रक्त लॅबला पाठवलं, तिथून ५.६. दोन मशीनची भाषा वेगळी असते, आणि आधीचे सगळे आकडे लॅबचे, त्यामुळे लॅबचंच धरायचं. बीजांडं सुटली ११ मार्चला. सोमवारी खात्रीसाठी परत बघितलं, १३.८, चढतंय व्यवस्थित. सर्जरी किंवा जे काय करायचं ते मंगळवारी, १४ मार्चला.

आणि मग सोमवारी दुपारी खरी चर्चा झाली. माझं म्हणणं टीसीआय करू. अनुभवी हाताने केलं तर निकाल सर्जरीच्या जवळपास येतात, भूल नाही, टाके नाहीत, आणि एकापेक्षा जास्त वेळा करता येतं. मोठ्या डॉक्टर बाईंचं म्हणणं, एंडोस्कोप आपल्याकडे नाही, जो माणूस हे चांगलं करतो तो साडेतीन तासांवर, मंगळवारी त्याच्याकडे जागा आहे की नाही माहीत नाही, आणि डोस एकच असल्यामुळे दोनदा करायचा प्रश्नच येत नाही. त्या स्वतः गेली पंचवीस वर्षं सर्जिकल करतायत, डोळे मिटून करतील. शिवाय पोट उघडलं की गर्भाशय डोळ्यांनी दिसतं, बोटांना लागतं. मागच्या वेळी राहिली नाही त्याला तारखेशिवाय दुसरं काही कारण आहे का तेही कळेल.

मी त्या साडेतीन तासांवरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांच्याकडे जागा होती! सकाळी दहाची. मालकीण बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या माजावरच्या कुत्रीला आणि नायट्रोजनच्या टँकला घेऊन साडेतीन तास गाडी मी चालवणार नाही, तुम्ही इथे आहात ना. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. संपला विषय. म्हणून म्हणते, सर्जरी झाली ती वैद्यकीय गरज म्हणून नाही, सोय म्हणून झाली. कागदावर मात्र कारण लिहिलं, "एकच डोस शिल्लक".

मंगळवारी सकाळी हेझल उपाशी आली, शेपूट हलवत. ब्रुसेलाची, म्हणजे गर्भपात घडवणाऱ्या संसर्गाची, टेस्ट आधीच निगेटिव्ह आलेली, रक्ताचे बाकी रिपोर्ट ठीक. सलाईन लावली, मग भूल: हलकी प्रीमेड, प्रोपोफॉल, नळी, आयसोफ्लुरेन. उताणी ठेवून बेंबीखालचे केस काढले, स्क्रब.

सीमेनचं काम माझं होतं. टँक आदल्या दिवशी कुरिअरने आलेला, दुधाच्या कॅनसारखाच, फक्त मान बारीक. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई करायची नाही. गर्भाशय हातात आल्याशिवाय एकही स्ट्रॉ बाहेर काढायची नाही, कारण वितळवल्यावर परत गोठवता येत नाही आणि आत काही गडबड निघाली तर शेवटचा डोस माझ्या हातात मरणार. वॉटर बाथ ३७ डिग्रीला, थर्मामीटर दोन, कारण एकावर माझा विश्वास नाही. स्लाईड, सिरिंज, कॅथेटर सगळं इन्क्युबेटरमध्ये गरम करून ठेवलेलं. काही लॅब ७० डिग्रीला आठ सेकंद सांगतात, काही ३७ ला अर्धा ते एक मिनिट. आपलं डोकं चालवायचं नाही, ज्या लॅबने गोठवलंय तिचा कागद म्हणेल तसं. या कागदावर ३७ ला एक मिनिट.

मोठ्या बाईंनी पाच सेंटिमीटरचा काप घेतला, गर्भाशय वर आणलं. माजातलं गर्भाशय लालसर, टवटवीत, करंगळीएवढं जाड. कुत्रीच्या गर्भाशयाला दोन लांब फाटे असतात, त्यांना शिंगं म्हणतात. उजवं शिंग गुळगुळीत. डाव्या शिंगावर त्यांची बोटं थांबली. दोनदा मागे-पुढे फिरवली. "इथे हात लाव," त्या म्हणाल्या. मी ग्लोव्ह घालून बघितलं, भिंत जाड, आत बारीक बारीक गाठी. सिस्टिक बदल, म्हणजे भिंतीत पाण्याचे बारीक फोड, पाच वर्षांच्या कुत्रीत असायला थोडं लवकर पण दुर्मीळ नाही. हे अल्ट्रासाऊंडमध्ये दिसू शकलं असतं का? नीट वेळ देऊन बघितलं असतं तर बहुधा हो. आम्ही बघितलं नव्हतं, ही चूक आमची.

"काढ," मोठ्या बाई म्हणाल्या.

चिमट्याने पहिली स्ट्रॉ. टँकच्या तोंडातून पांढरी वाफ हातावर सांडते, हवेत हात थांबवायचा नाही, सरळ पाण्यात. मग दुसरी, तिसरी, चौथी. साठ सेकंद घड्याळाकडे बघत, स्ट्रॉ पाण्यात हलवत. बाहेर काढून टिश्यूने कोरडी, अगदी कोरडी करायची, कारण साध्या पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. कात्रीने टोक कापायचं, दुसरं टोक सिरिंजमध्ये. स्ट्रॉवर नराचं नाव, नंबर, तारीख, छपाई अजून स्पष्ट. एक थेंब गरम स्लाईडवर. मायक्रोस्कोपला डोळा लावताना माझा श्वास अडकलेला, खोटं कशाला बोलू.

हलत होते. सगळे नाही, पण हलत होते, सरळ पुढे जाणारे. मी ४० टक्के लिहिलं, कागदावर गोठवतानाच्या चाचणीत ४५ होतं. चार स्ट्रॉमध्ये मिळून ३२ कोटी शुक्राणू, म्हणजे चालणारे तेरा कोटींच्या आत-बाहेर. गाईच्या एका कांडीत दोन कोटी पुरतात हे आठवलं की कुत्री किती महागाचं जनावर आहे ते कळतं. कुत्रीत किमान दहा कोटी चालणारे हवेत असं धरतात, म्हणजे आम्ही रेषेच्या जरा वर.

मोठ्या बाईंनी बारीक आयव्ही कॅथेटर उजव्या शिंगाच्या बुडाशी तिरकी घातली, सुई मागे घेतली, प्लास्टिक आत मोकळं फिरतंय का बघितलं, कारण ते भिंतीच्या जाडीत अडकलेलं असेल तर सगळं सीमेन भिंतीत जातं आणि वरून कळतही नाही. असिस्टंटने गर्भाशयमुखाकडची बाजू दोन बोटांत धरली म्हणजे मागे गळायला नको. मग हळू, खूप हळू. दोन मिली सीमेन आणि एक मिली बफर. दोन भाग उजव्या शिंगात, एक भाग डाव्यात. शिंग हलकेच फुगतं, मग सैल होतं. कॅथेटर काढून भोकावर गॉज दाबून मिनिटभर. तीन थरांत टाके. भूल ते जाग पस्तीस मिनिटं. दुपारी दोनला हेझल उठून बसली आणि माझ्या डब्यातल्या थालीपीठाकडे बघायला लागली.

(टँक शुक्रवारपर्यंत परत पाठवायचा होता. मालकीण बाई विसरल्या. उशिराचा दंड बसला, त्यावरून त्या जितक्या चिडल्या तितक्या सर्जरीच्या बिलावरून चिडल्या नाहीत.)

१० एप्रिलला अल्ट्रासाऊंड. दोन थैल्या, दोन्हीत ठोके. दोनच. बाई खुश, मोठ्या बाई खुश, मला बरं वाटलं पण सोबत काळजीही. लॅब्राडॉरला सात-आठ पिल्लं सहज होतात. दोनच असली की पिल्लं मोठी वाढतात, आणि कळा सुरू व्हायला जो इशारा पिल्लांकडून जायचा असतो तो कमी पडतो. दोन्ही थैल्या उजव्या शिंगात दिसत होत्या. त्यावरून लगेच कोणी म्हणेल की बघा, उजव्यात जास्त घातलं म्हणून. असं नसतं, गर्भ रुजायच्या आधी शिंगांमधून इकडून तिकडे फिरतात, उलट डाव्यात खराब भिंत म्हणून तिथे रुजलेच नसतील हे जास्त पटतं.

तारीख काढायला आता मजा येते, कारण बीजांडं कधी सुटली ते पक्कं माहीत होतं. तिथून ६३ दिवस, एक दिवस इकडे-तिकडे. १३ मे. ८ मेला एक्स-रे, दोन डोकी, दोन मणके, एक पिल्लू स्पष्ट मोठं.

१२ च्या रात्री अंगाचं तापमान उतरलं, ९८.६ फॅरनहाइट, बाई दर चार तासांनी मोजत होत्या. म्हणजे चोवीस तासांत व्यायला हवी. १३ तारीख गेली. हेझल जमीन उकरत होती, धापा टाकत होती, कळ एकही नाही. १४ ला सकाळी सातला क्लिनिकमध्ये आणली. प्रोजेस्टेरॉन ०.८, म्हणजे शरीराने दार उघडलंय, ढकलणारं कोणी नाही. पिल्लांचे ठोके बघितले, एकाचे २१०, दुसऱ्याचे १६८. दोनशेच्या वर हवेत. पुन्हा मोजले, १६०.

परत पोट उघडलं. त्याच रेषेत, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. आतल्या जुन्या टाक्यांना ओमेंटमचा, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा, पदर चिकटलेला, तो सोडवायला चार मिनिटं गेली, आणि त्या चार मिनिटांत कोणी काही बोललं नाही. मोठं पिल्लू नर, ५७० ग्रॅम, सुस्त. मी नाकातोंडातलं पाणी ओढून टॉवेलने घासत बसले, घासत बसले, आणि मग त्याने एकदाची जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं. दुसरी मादी, ४८० ग्रॅम, बाहेर काढल्या काढल्या ओरडणारी. दोन्ही काळी.

गर्भाशय त्याच वेळी काढायचं आधीच ठरलेलं, मालकीण बाईंची सही होती. नंतर ट्रेमध्ये डावं शिंग उभं चिरून बघितलं. आतून भिजवलेला साबुदाणा पसरावा तसे पाण्याचे फोड. मोठ्या बाई म्हणाल्या, बघ, पोट उघडलं नसतं तर हे कळलं नसतं. मी म्हटलं, कळून आपण सीमेन घालताना थोडं उजवीकडे जास्त घातलं, एवढंच केलं ना. त्यावर त्यांनी ग्लोव्ह काढले आणि कॉफी घ्यायला गेल्या. त्यांचंही अगदीच चूक नाही, फोड बोटांना लागले म्हणूनच गर्भाशय काढायचं वेळेत ठरलं, नाहीतर पुढच्या एखाद्या माजानंतर पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू, होऊन हेझल रात्री दोनला आली असती. पण ते काम अल्ट्रासाऊंडने झालं असतं, आणि दोन पिल्लं मिळाली ती ११ मार्चचा आकडा बरोबर वाचल्यामुळे, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

बाबांना दोन पिल्लांचं सांगितलं. ते म्हणाले, "कुत्री कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे, खातेय, पाजतेय. मग विचारलं, "टाके कितीदा घातले म्हणालीस?" मी म्हटलं, दोनदा. ते "हं" म्हणाले आणि पावसाचं विचारायला लागले.

तो नर आता मोठा झालाय, बापासारखाच रुंद डोक्याचा. मागे त्याच्या नितंबांचे एक्स-रे चांगले आले आणि बाई त्याला सीमेन गोठवायला घेऊन आल्या. दोन बैठकांत नऊ डोस निघाले. लॅबच्या फॉर्मसोबत मी त्यांना एक जास्तीचा कागद टाईप करून दिला, कुठल्या दिवसापासून टेस्ट सुरू करायची, कुठल्या आकड्यानंतर किती दिवसांनी, सगळ्या टेस्ट एकाच लॅबमध्ये, आणि त्या साडेतीन तासांवरच्या डॉक्टरांचा नंबर. बाईंनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं की इतक्या लांब जाण्यापेक्षा तुम्हीच तो एंडोस्कोप का घेत नाही. मी मोठ्या बाईंच्या केबिनकडे बोट दाखवलं.